फाटकावरची खुर्ची

साहेबांनी खुर्ची पुढे सरकवली, पण तो बसला नाही. टेबलाच्या कडेला हात टेकून उभा राहिला. छत्तीस वर्षं ज्याने ट्रकमध्ये बसून पोट भरलं, त्याला चाकं नसलेल्या खुर्चीत मात्र कधी बसवत नसे. लहानपणी आई म्हणायची, ह्याच्या पायाला भिंगरी आहे. ते नाव कसं कोण जाणे यार्डापर्यंत पोचलं. ट्रकवाले त्याला भिंगरीकाका म्हणत, तोंडावरही आणि मागेही.

साहेबांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. पडद्यावर तोच होता. डोक्याला टोपी, हातात स्टिअरिंग आणि एक डोळा घट्ट मिटलेला. दुसरा टक्क उघडा.

"हे काय आहे?"

"मी आहे."

"ते दिसतंय. डोळा कुणाला मारताय?"

दाराशी रजेचा अर्ज घेऊन जाड्या उभा होता. तोही ड्रायव्हर, वयाने निम्मा, वजनाने दुप्पट. तो फिस्सकन हसला. "साहेब, घाटात काकांचं जुनं लफडं असणार."

"तू गप रे. आधी स्वतःचा पट्टा लावायला शिक, पोटावरून पुरत नाही तो."

चार महिन्यांपूर्वी कंपनीने प्रत्येक गाडीत कॅमेरा बसवला होता. पापणी दोन सेकंदांहून जास्त मिटली की यंत्र लिहिणार, झोप. त्याच्या रस्त्यावर घाट होता आणि घाटात सात बोगदे. महिन्यात तीन खेपा. एकवीस वेळा झोप. एकवीस वेळा झोपलेला माणूस सरळ रस्त्यावर कसा राहिला, हे यंत्राने विचारलं नाही.

"साहेब, बोगदा यायच्या आधी एक डोळा मिटून ठेवायचा. आत शिरलं की उघडायचा. तो डोळा आधीच अंधाराला सरावलेला असतो. बाहेरच्या उन्हातून एकदम आत गेलं की काळं दिसतं ना, ते दिसत नाही. ही युक्ती आहे, झोप नव्हे."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं, कपाळ चोळलं. "काका, मला पटतंय. पण यंत्रात दोनच रकाने आहेत. जागा आणि झोपलेला. तुमच्यासाठी तिसरा कुठून आणू? वरून रोज फोन येतोय."

मग साहेबांनी ठरलं ते सांगितलं. गुरुवारच्या खेपेला देखरेखीच्या खोलीतली मुलगी गाडीत बरोबर बसेल. एकही झोप लागली नाही तर गाडी त्याची, निवृत्तीपर्यंत कुणी विचारणार नाही. लागली तर फाटकावर. फाटकावरचा म्हातारा मागच्याच महिन्यात काम सोडून गेला होता. त्याची हिरवी खुर्ची रिकामी होती, उशीसकट.

"काम काय?" त्याने विचारलं.

"गाडी आली की दांडा वर. गेली की खाली."

"आणि मधल्या वेळात?"

"बसायचं," साहेब म्हणाले.

निवृत्तीला दोन वर्षं चार महिने होते. बाहेर पडताना त्याने त्या खुर्चीकडे पाहिलं. उशीला मधोमध खड्डा पडला होता. माणूस उठून गेला होता, बसणं तिथेच राहिलं होतं.

घरी बायको शिलाईयंत्रावर होती. ती लोकांचे कपडे आखूड-लांब करून द्यायची. त्याने दिवा लावला, पाणी प्यायला, खिडकीपाशी गेला, दारापाशी आला, परत खिडकीपाशी गेला.

"अहो, बसा जरा. फरशी झिजेल."

"बसतोय."

"आणि खिडकीत ऊन असताना दिवा कशाला? वीज कंपनीचे जावई आहात का?"

"बल्ब हल्ली पूर्वीसारखे येत नाहीत. उजेडच पडत नाही त्यांचा."

"दोनदा बदललात या वर्षी. दोन्ही वेळा मोठा आणलात." तिने दोरा तोंडात धरून ओला केला आणि सुईत ओवला. पूर्वी सुई ओवायची झाली की ती त्याला हाक मारायची. हल्ली मारत नव्हती. का, ते तिने सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं.

त्याने साहेबांचं म्हणणं सांगितलं. तिने यंत्राचं चाक हाताने थांबवलं.

"मग नका मिटू डोळा. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

"छत्तीस वर्षांची सवय आहे."

"छत्तीस वर्षं तंबाखूची पण होती. सुटली की."

"तंबाखू तू सोडवलीस. ही कोण सोडवणार?"

"फाटकावरची खुर्ची," ती म्हणाली आणि चाक पुन्हा फिरवलं.

ही युक्ती त्याला एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने दिली होती. त्याच्याकडे तो सहा वर्षं क्लिनर होता. सहा वर्षांत पहिली चार त्याने फक्त ताडपत्री बांधली, चाकामागे ठोकळा लावला, इंजिनात पाणी ओतलं आणि रस्ता विचारायला खाली उतरला. पाचव्या वर्षी म्हाताऱ्याने स्टिअरिंग हातात दिलं, तेही सपाटीवर, तेही रिकाम्या गाडीचं. बोगद्याच्या तोंडाशी म्हातारा म्हणाला होता, "उजेडात कुणीही चालवतो. अंधार आधीच खिशात घालून न्यायचा, बाळा." त्या दिवसापासून तो अंधार खिशात घालून नेत होता. त्यात त्याला कधी कमी पडलं नव्हतं, असं त्याला वाटत होतं.

गुरुवारी सकाळी सातला ती आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, खांद्याला पिशवी, पायात गुळगुळीत तळाचे बूट. आवाज त्याच्या ओळखीचा होता. "चालक, कृपया विश्रांती घ्या," असं गाडीत म्हणायची ती हीच. तो आवाज यंत्राचा असेल असं तो समजत होता.

"काका, मी पहिल्यांदाच बसतेय ट्रकमध्ये."

"चार महिने आम्हाला ट्रक शिकवताय, आणि पहिल्यांदा?"

ती ओशाळली. मग हसली. "आम्हाला फक्त तुमची तोंडं दिसतात."

"वाईट बघायला मिळतं मग. चढा. तीन टेकू पाहिजेत. दोन हात एक पाय, नाहीतर दोन पाय एक हात. हलवायचा तो चौथा. उडी मारायची नाही, चढताना नाही आणि उतरताना तर नाहीच. गुडघे एकदाच मिळतात."

ती चढेपर्यंत त्याने हातोडीने सगळी चाकं ठोकून घेतली. हवा भरलेलं चाक टणक आवाज देतं, कमी असलेलं बद्द वाजतं. जोडचाकातलं आतलं चाक दिसत नाही, ते ऐकावंच लागतं.

"हवेचा आकडा पडद्यावर येतो की काका."

"पडद्याला दिसू दे. मला ऐकू येतं."

गाडी नवी होती. क्लच नाही, गिअर आपोआप पडतो, स्टिअरिंग एका बोटाने वळतं. तासाभरात शहराच्या कडेची गोदामं मागे पडली. तो सारखा हलत होता. पाठ टेकायची, सोडायची. आरसा बघायचा, पुन्हा बघायचा. रिकामा डावा पाय नसलेला क्लच दाबत होता.

"पूर्वी बरं होतं का काका? सगळे म्हणतात पूर्वी मजा होती."

"कोण म्हणतं? ज्याने दुरून बघितलं तो म्हणत असेल." त्याने पुढच्या गाडीपासून अंतर वाढवलं. "पूर्वी उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवायला दोन माणसं लागायची. मी ढुंगण उचलून, दोन्ही हातांनी लोंबकळायचो. ताडपत्री भिजली की तिचं वजन एका माणसाएवढं, आणि ती न्यायची वर, दोन माणसं उंच. दोराच्या गाठी मारून बोटांची साल जायची. माल भरायलाही आम्हीच, उतरवायलाही आम्हीच. माझ्या कमरेतले दोन मणके त्या मजेत गेले."

"मग आता बरं आहे म्हणायचं."

"कष्ट कमी झाले. ते चांगलंच झालं. त्यात रडायचं काय?" त्याने आरसा बघितला. "पण तेव्हा गाडी सुटली की मालकाला तीन-तीन दिवस पत्ता नसायचा. घरी पत्र टाकलं तर पत्राआधी मीच पोचायचो. कुठे थांबायचं, कुठे नाही, पूल भार घेईल का नाही, सगळं माझं मी ठरवायचो. चुकलं तर मीच निस्तरायचो. आता मी कुठे आहे, ब्रेक किती जोरात मारला, जांभई कधी दिली, सगळं तुम्हाला माहीत. माझ्या बायकोला माहीत नाही तेवढं."

"त्या विचारतात का?"

"तिला विचारावं लागत नाही. ती बघते."

घाट सुरू झाला. पहिला बोगदा लांबूनच दिसला, डोंगराला पडलेलं भोक. त्याची पापणी आपोआप खाली येऊ लागली. त्याने ती वर खेचली. कपाळाला आठ्या घातल्या, डोळे ताणले. बोगदा आला आणि समोर काळी भिंत उभी राहिली. त्याने वेग तोडला. मागच्या मोटारीने भोंगा वाजवला. मग हळूहळू भिंतीतून दिवे वर आले, रस्त्यावरचा पांढरा पट्टा आला.

"छान," मुलगी म्हणाली. "काही लागलं नाही."

दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला तेच. सदऱ्याची पाठ ओली झाली होती. इतका वेळ भिंत का राहते, हे त्याला समजेना. म्हाताऱ्याबरोबर असताना युक्ती शिकण्याआधीही तो बोगद्यांतून गेला होता. तेव्हा एवढी भिंत नव्हती. की होती? आठवेना.

चौथा बोगदा जुना. तोंडाशी पाटी होती, काम चालू आहे, सावकाश. त्याने पाटी वाचली, वेग आणखी कमी केला आणि आत शिरला. आतले दिवे बंद होते. काळं. काळं. अजून काळं.

"माणूस!" मुलगी किंचाळली. "काका, माणूस!"

पाय ब्रेकवर पडला. हवेचा फुत्कार झाला, गाडी नाक खाली घालून थांबली. त्याला अजून माणूस दिसला नव्हता. मग आधी पिवळं जाकीट दिसलं, मग त्यातला माणूस, हातात केबलचं भेंडोळं, बंपरपासून हातभर अंतरावर.

"आंधळा आहेस काय रे!" कामगार ओरडला. "एवढा दिव्यासारखा पिवळा उभा आहे मी!"

त्याने गाडी बोगद्याबाहेर काढली, लगेच पुढच्या थांब्याच्या पट्ट्यात घेतली, हातब्रेक लावला, इंजिन बंद केलं. किल्ली काढली.

मुलगीच आधी बोलली. "चूक आमची आहे. तुम्ही कॅमेऱ्यासाठी डोळा उघडा ठेवलात, म्हणून हे झालं. मी तसंच लिहिणार. साहेबांना पटेल. गाडी तुमचीच राहील, काका."

त्याला जे हवं होतं तेच ती देत होती. आठवडाभर त्याने दुसरं काही मागितलं नव्हतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

तो खाली उतरला. गाडीभोवती एक फेरी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला तिच्या दाराशी थांबला.

"तुम्हाला तो कधी दिसला?"

"कोण?"

"पिवळा."

"आत शिरल्या शिरल्याच."

"दिवे बंद होते."

"हो, पण दिसत होता."

"उतरा. तीन टेकू."

दोघं कडेच्या पायवाटेने चालत बोगद्याच्या तोंडाशी गेले. आत भिंतीवर, पन्नास-एक पावलांवर, रंगाने आकडा लिहिलेला होता. उन्हात दोन मिनिटं उभं राहायचं, मग एक पाऊल सावलीत टाकायचं आणि आकडा वाचता येईपर्यंत मोजायचं, असं त्याने सांगितलं. कामाचं माप घ्यायची त्याची हीच रीत. अंदाजाने काही धरायचं नाही.

मुलगी आत गेली. "एक, दोन. चारशे बारा."

पिवळा कामगार भेंडोळं ठेवून जवळ आला. "काय, बोगदा विकत घेताय का?"

"माप घेतोय. तूही उभा राहा उन्हात."

"मी कशाला?"

"मघाशी मरत होतास, आता मोज म्हटलं तर लाजतोस होय?"

कामगार वरमला, उन्हात उभा राहिला, आत आला. पन्नाशीचा असावा. "एक, दोन, तीन. चारशे बारा. झालं?"

मग तो स्वतः उन्हात गेला. दोन मिनिटं उभा राहिला. इथेही त्याला एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं. पाऊल आत टाकलं. दोन्ही डोळे उघडे. त्याने मोठ्याने मोजलं. तीनला काही नव्हतं. पाचला भिंत आहे एवढं कळलं. नवाला आकडा दिसला, तोही कडा विरघळलेला.

"परत," तो म्हणाला. परत नऊच आले.

मग एक डोळा मिटून गेला. चार.

युक्ती केलेला तो चार, आणि युक्तीचं नावही न ऐकलेला कामगार तीन. ज्या अंधाराला तो कसब समजून खिशात घालून नेत होता, त्याच्या आड हे सगळं लपलं होतं. किती दिवसांपासून, ते मोजायला आता काही साधन नव्हतं. नऊ सेकंदांत भरलेली गाडी किती पुढे जाते, ते मात्र त्याला कुणी सांगायला नको होतं.

"वहिनींना विचारा," कामगार हलकेच म्हणाला. "माझ्या भावाचं असंच झालं होतं. घरात सारखे दिवे लावायचा. मोतीबिंदू निघाला."

तो गाडीकडे वळला. मुलगी मागून आली. "काका, नऊचं मी लिहिलंच पाहिजे असं नाही. मी आले होते झोप बघायला. झोप लागली नाही."

"तुम्हाला जे दिसलं ते लिहा."

"तुमची खेप तर पुरी करा. अजून तीनच बोगदे आहेत."

"तीनांत तीन माणसं असतील." त्याने किल्ली तिच्या हातात ठेवली. "साहेबांना फोन लावा. दुसरा माणूस पाठवा म्हणावं."

छत्तीस वर्षांत त्याने गाडी बिघडली म्हणून मेकॅनिक बोलावला होता, चाक रुतलं म्हणून गावचे लोक बोलावले होते. स्वतःच्या जागी माणूस पहिल्यांदाच मागवला.

दोन तासांनी छोट्या गाडीतून जाड्या आला. रजा रद्द झाली म्हणून करवादलेला. "काय भिंगरीकाका, संपली का हवा?" असं म्हणत उतरला, काकांचं तोंड पाहिलं आणि पुढचं गिळलं. गाडीत चढला.

आता तो स्वतः शेजारच्या सीटवर बसला, मुलगी मागच्या झोपायच्या फळीवर. पाचव्या बोगद्यात शिरताना त्याचा पाय रिकाम्या पत्र्यावर जोरात दाबला गेला.

"काका, तिकडे ब्रेक नाही," जाड्या म्हणाला.

"माहीत आहे. तू पुढे बघ."

"बघतोय."

"काय दिसतंय?"

"एक मोटार, तिच्यापुढे टँकर. टँकरचा डावा दिवा गेलाय."

त्याला अजून काळी भिंतच दिसत होती. "बरोबर," तो म्हणाला.

डॉक्टरने दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. आधी एक काढायचा, दीड महिन्याने दुसरा. मग परत तपासणी, आणि तेव्हा काय ते बघू. बायकोने तारीख भिंतीवर लिहिली, मोठ्या अक्षरांत. सुईचं का बोलली नाहीस, असं त्याने त्या दिवशी विचारलं. ती म्हणाली, "बोलले असते तर तुम्ही ओवून दाखवायला बसला असतात. मला कपडे द्यायचे होते."

मुलीने सगळं लिहिलं. डोळा मिटण्याचं लिहिलं, नवाचं लिहिलं, आणि घाटावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला वर्षातून एकदा त्या बोगद्याच्या तोंडाशी उभं करून मोजायला लावा, असंही लिहिलं. शेवटच्या मुद्द्यावर साहेब विचार करतो म्हणाले. पण तोपर्यंत भिंगरीकाकांना ठेवायचं कुठे? जागा एकच होती.

सोमवारी तो फाटकावर गेला. उशी झटकली, खुर्ची सावलीत ओढली, तिच्या पाठीला डबा अडकवला आणि हातोडी काढली. पहिली गाडी दांड्यापाशी थांबली. त्याने तिची चाकं ठोकत फेरी मारली, मग दांडा उचलला. दुसरी आली. तिसरी जाड्याची होती. उजवीकडच्या मागच्या जोडचाकात आतलं चाक बद्द वाजलं.

"मागे घे. हवा भर."

"काका, पडद्यावर सगळं हिरवं आहे. मला उशीर होतोय."

"पडदा माझ्या कानाला लाव बरं. काय म्हणतो?"

जाड्या शिव्या घालत मागे गेला. हवा मोजली, भरली, चाकाला घुसलेला खिळा काढून आणला आणि त्याच्या हातावर ठेवला.

सकाळी अकराला फाटकावरचा फोन वाजला. देखरेखीच्या खोलीतून. तिचाच आवाज, पण हसू दाबलेला.

"काका, फाटकावर पण कॅमेरा आहे. सकाळपासून चौदा वेळा आलंय, खुर्ची रिकामी, जागेवर माणूस नाही."

"मग?"

"मग जरा बसता का खुर्चीत? साहेब विचारताहेत."

पुढची गाडी वळणावर दिसत होती. चाकं तपासायला त्याला डोळ्यांची गरज नव्हती.

"साहेबांना सांगा, माणूस आहे. उभा आहे." त्याने फोन खुर्चीवर ठेवला आणि हातोडी उचलली.